रिकाम्या पुंगळीची कथा

फटाक्याच्या कागदाचे पुढे काय होते याचा विचार कोणी करीत नाही. तो फाटण्यासाठीच जन्माला आलेला असतो. दारूला जितके घट्ट आवळावे तितका बार मोठा, आणि बार झाला की आवळणाऱ्या कागदाच्या चिंध्या. पाडव्याच्या सकाळी अंगण झाडणाऱ्या माउलीला त्या चिंध्यांचा जो काय त्रास होईल तेवढाच. त्यापलीकडे त्या कागदाला इतिहास नाही.

बंदुकीच्या काडतुसाचीही पहिली काही शतके अशीच गेली. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. युरोपात त्याच्या मुळाकडे जाऊ लागले तर हाती लागते ती कागदाची सुरळी. वाणी जिऱ्यामोहरीची पुडी बांधतो तशी दारू आणि गोळी एका पुडीत बांधायची. शिपायाने ती दाताने फोडायची, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. त्या पुडीला लावलेल्या चरबीने १८५७ साली काय घडविले, ते मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. पण एक योगायोग सांगण्याजोगा आहे. कागदी काडतुसाने हिंदुस्थानात आग लावली त्याच वर्षी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या स्प्रिंगफील्ड गावी, स्मिथ आणि वेसन या जोडीने एक चिमुकले पिस्तूल बाजारात आणले. त्याचे काडतूस कागदाचे नव्हते, तांब्याचे होते. ते दाताने फोडायचे नव्हते आणि बार झाल्यावर फाटतही नव्हते. मागे एक रिकामी पुंगळी उरत असे.

या पुंगळीचीच ही कथा आहे. ज्यांनी महाविद्यालयात असताना एन. सी. सी. केली असेल त्यांना आठवेल की, गोळीबार संपल्यावर पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात. गोळी कोठे गेली याची चौकशी निशाणापुरती. पुंगळीचा हिशेब मात्र चोख लागतो.

आता या पुंगळीचे काम काय ते पाहू. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी एकत्र बांधून ठेवणे हे तिचे दिसणारे काम. खरे काम बार होण्याच्या क्षणी सुरू होते. रायफल मागच्या बाजूने भरावयाची तर मागच्या बाजूला दार हवे, आणि दार म्हटले की फट आलीच. सैन्यात चालणाऱ्या जुन्या तीस-शून्य-सहा जातीच्या काडतुसात बार होताना दर चौरस इंचाला सुमारे ५०,००० पौंड दाब निर्माण होतो. आपल्या घरच्या प्रेशर-कुकरमध्ये शिटी होताना तो १५ पौंडांच्या आसपास असतो, एवढे सांगितले म्हणजे गृहिणींना अंदाज येईल. एवढ्या दाबाचा वायू फटीतून निघाला तर तो शिपायाच्या डोळ्यांतच जावयाचा. म्हणून पुंगळी त्या क्षणी फुगते, नळीच्या मागच्या कोठीच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि वाट बंद करते. हे झाले पहिले काम. दुसरे काम याच्या अगदी उलट आहे. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की त्याच पुंगळीने लगेच आकसावयाचे, कोठीची भिंत सोडावयाची आणि बोटाने ओढली तरी बाहेर यावयाचे.

आपल्या स्वयंपाकघरात एकात एक घातलेले दोन पेले कधी अडकून बसतात. मग आतल्यात गार पाणी ओता, बाहेरच्याला गरम पाण्यात धरा, असा खटाटोप करावा लागतो. समोरून शत्रू येत असताना हा खटाटोप करण्याची पाळी आली तर? गेल्या दीडशे वर्षांत ती पुष्कळांवर आली.

फुगणे आणि सोडणे ही दोन्ही कामे करणारा धातू सापडेपर्यंत बराच काळ गेला. तांबे फुगते छान, पण मऊ असल्यामुळे फुगलेलेच राहते. लोखंड कडक, ते चिकटण्याची कुरकुर करते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ मात्र दोन्ही करते. तेही नुसते ओतलेले नव्हे, ठोकून-ओढून घडविलेले. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी भांडी मठारताना पाहिली असतील, त्यांना यातील मर्म चटकन समजेल. हातोडीच्या घावांनी धातू कडक होत जातो. फार कडक झाला की चिरतो. म्हणून मध्येच तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करून घ्यावा लागतो. काडतुसाच्या कारखान्यात हेच चालते. आपल्या खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत जाड पितळी पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात, वाटी ओढून ओढून लांब नळकांडे करतात आणि दोन ओढण्यांच्या मध्ये ते तापवून मऊ करतात. शेवटी बूड दाबून कडक केलेले, मधला भाग स्प्रिंगेसारखा लवचीक आणि तोंडाकडचा भाग तापवून मऊ ठेवलेला, अशी तीन स्वभावांची एकच पुंगळी तयार होते. सैन्याच्या नव्या काडतुसाच्या मानेवर कधी कधी निळसर-काळपट पट्टा दिसतो. तो डाग नव्हे; मान तापविल्याची ती खूण असते.

या पुंगळीच्या अवयवांची नावे मजेदार आहेत. तिला तोंड आहे, तोंडाखाली मान आहे, मानेखाली उतरता खांदा आणि त्याखाली धड. येथवर सारे रीतीने चालले. पण बुडाला इंग्रज 'डोके' म्हणतो! बिचारी जन्मभर शीर्षासनातच असते.

२५ जून १८७६ रोजी मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी जनरल कस्टर आणि त्याच्याबरोबरचे दोनशेच्या वर घोडेस्वार लाकोटा व शायान योद्ध्यांच्या हातून मारले गेले. एकही वाचला नाही. त्या सैनिकांजवळ १८७३ सालची स्प्रिंगफील्ड कार्बाईन होती; तिची पुंगळी तांब्याची. शिपाई काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवीत. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात ठेवला की जो हिरवा कळंक चढतो, तसाच कळंक चामड्यातील द्रव्यांमुळे त्या तांब्यावर चढे. मग तापलेल्या कोठीत तांबे फुगले की फुगूनच बसे. ओढणारी आकडी बुडाची कड फाडून मोकळी होई आणि पुंगळी आत राही. चाकूच्या टोकाने उकरून ती काढावी लागे. त्याच लढाईत शेजारच्या टेकडीवर टिकून राहिलेल्या मेजर रीनोने थोड्याच दिवसांत वरिष्ठांना कळविले की, त्याच्या हाताखालच्या ३८० कार्बाईनींपैकी ६ अशा रीतीने निकामी झाल्या.

पुढे पराभवाचे खापर फोडण्यासाठी ही तांब्याची पुंगळी फार सोयीची ठरली. सेनापतीने सैन्याचे तुकडे केले, शत्रूची संख्या ओळखली नाही, हे बोलण्यापेक्षा पुंगळी अडकली हे बोलणे सोपे. १९८३ साली त्या माळरानावर वणवा लागून गवत जळाले आणि पुढच्या वर्षापासून पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर शोध घेतला. प्रत्येक बंदुकीच्या फायरिंग पिनचा ठसा निराळा असतो. त्यावरून कोणती बंदूक कोठून कोठे हलली हे त्यांनी पुंगळ्यांकडून वदवून घेतले. चाकूने उकरल्याचे ओरखडे मात्र थोड्याच पुंगळ्यांवर मिळाले. तेव्हा कस्टरला पुंगळीने मारले असे म्हणता येणार नाही. पण ज्या सहा-सात जणांच्या हातात तशी बंदूक होती, त्यांच्या दृष्टीने ही आकडेवारी काय कामाची?

इंग्रजांची पुंगळी आणखी विचित्र होती. वुलिचच्या सरकारी प्रयोगशाळेतील कर्नल बॉक्सर याने १८६६ च्या सुमारास ती तयार केली. पातळ पितळी पत्रा सुरळीसारखा गुंडाळायचा आणि त्याला लोखंडी बूड बसवायचे. बार झाला की सुरळी उलगडून कोठीला चिकटे. कल्पना चतुर खरी. पण पत्रा इतका पातळ की वाळू, उष्णता आणि घाई यांपुढे त्याचा टिकाव लागेना. आकडी बूड घेऊन बाहेर येई आणि सुरळी आत अडके. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानच्या वाळवंटात अबू क्लीआ येथे इंग्रज सैन्याचा चौकोन महदीच्या भालाईतांनी फोडला तेव्हा हेच झाले. मार्टिनी-हेन्री रायफली अडकल्या, गार्डनर यंत्रतोफ अडकली आणि कर्नल बर्नबी मारला गेला. (हेन्री न्यूबोल्ट या कवीने आपल्या प्रसिद्ध कवितेत त्या तोफेला गॅटलिंग म्हटले आहे. छंदाला सोयीचे असेल, इतिहासाला नव्हे.) शेवटी इंग्रज जिंकले, पण खार्टूमला वेढलेल्या गॉर्डनकडे ते पोहोचले ते त्याच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी. यानंतर गुंडाळलेल्या पत्र्याऐवजी अखंड ओढलेल्या पितळेची पुंगळी इंग्रज सैन्यात आली.

आता सारे ठीक होईल असे वाटले असेल. पण पितळेने आपला आणखी एक गुण दाखविला, आणि तो दाखविला हिंदुस्थानात. पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावत. काडतुसांच्या पेट्या कोरड्या जागी ठेवायच्या म्हणून घोड्यांच्या पागेत ठेवल्या जात. पाऊस सरला, पेट्या उघडल्या, तर कित्येक पुंगळ्या मानेशी तडकलेल्या! कोणी हात लावलेला नाही, एकही बार झालेला नाही, आणि तरी तडे. दर हंगामाला हे होई म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे हंगामी तडा, हेच नाव पडले. कारण सापडले ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी दाखविले की, घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत मिसळतो आणि ओढून-दाबून घडविताना पितळेच्या अंगात जो ताण कोंडलेला असतो त्यावर घाला घालतो. ताण नसता तर अमोनियाने काही केले नसते, अमोनिया नसता तर ताण निमूटपणे राहिला असता. उपाय मात्र तांबटाचाच निघाला: घडवून झाले की पुन्हा एकवार ऊन दाखवून धातूच्या अंगातला ताण घालवायचा. आजही ही माहिती ज्यांना आहे ते अमोनिया असलेले पॉलिश पुंगळीला लावीत नाहीत.

येथपर्यंत पुंगळी कारखान्यातून येऊन एकदाच वापरली जात होती. पण काडतुसात सर्वांत महाग भाग हा पितळेचाच. दारू जळते, गोळी जाते, टोपी फुटते. पितळ जसेच्या तसे हातात राहते. ते टाकून द्यायचे कोणाच्या जिवावर येईल? अमेरिकेतील दूरदूरच्या ठाण्यांवर, जेथे दुकान चार दिवसांच्या वाटेवर, तेथे शिकारी रात्री शेकोटीजवळ बसून दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरीत. फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड शस्त्रागाराने १८८० नंतर सैन्यासाठीही भरण्याची हत्यारे केली. आणि १८८४ साली जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने 'आयडियल' नावाचा कारखाना काढून एक हत्यार विकायला आणले. ते हुबेहूब आपल्या अडकित्त्यासारखे. एकाच अडकित्त्यात जुनी टोपी काढा, नवी बसवा, मान आवळा, गोळी दाबा. सुपारी तेवढी कातरायची राहिली.

यात इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. टोपीचे दोन प्रकार आहेत. एक अमेरिकन बर्डन याचा, दुसरा वर सांगितलेल्या इंग्रज बॉक्सरचा. बर्डनच्या पुंगळीत बुडाला दोन बारीक भोके असतात आणि टोपी काढणे जिकिरीचे. बॉक्सरच्या पुंगळीत मध्यभागी एकच भोक, आतून खिळा घातला की टोपी टपकन पडते. झाले असे की, अमेरिकनाची टोपी युरोपने उचलली आणि इंग्रजाची टोपी अमेरिकेने. म्हणूनच पुंगळ्या भरण्याचा घरगुती छंद फोफावला तो अमेरिकेत. आपल्या सुरळीमुळे अबू क्लीआला नाव घालविणाऱ्या बॉक्सरचे नाव अमेरिकेतील हौशी नेमबाजांच्या तोंडी रोज असते!

बार्लोच्या अडकित्त्यात पुंगळीची फक्त मान आवळली जाई. बार झाल्यावर पुंगळी आकसते खरी, पण मूळच्या मापावर येत नाही. थोडी मोठीच राहते आणि ज्या कोठीत ती फुगली त्या कोठीचा आकार घेते. कोल्हापुरी चप्पल जशी काही दिवसांत एकाच पायाची होऊन जाते, तसे. त्यात बिघडत काहीच नव्हते. आपली पुंगळी, आपली रायफल. मान तेवढी गोळी धरण्याइतकी आवळली की काम झाले. थोडी अंगासरशी बसली तरी हाताने बोल्ट दाबून बसविता येई, आणि उलट असे घट्ट बसलेले काडतूस नेमही चांगला धरते म्हणून नेमबाज खूष. पन्नास वर्षे ही रीत चालली.

मग रायफल स्वतःच भरू लागली.

क्यूबेकमध्ये जन्मलेला जॉन गॅरँड हा स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात नोकरीस होता. त्याच्या रायफलीत गोळी नळीच्या टोकाशी पोहोचली की थोडा वायू एका छिद्रातून खाली येतो, दट्ट्या मागे ढकलतो, दट्ट्या बोल्ट फिरवून उघडतो, पुंगळी ओढून फेकतो आणि परत येताना स्प्रिंगेच्या जोरावर नवे काडतूस कोठीत घालतो. आठ काडतुसांपर्यंत शिपायाने फक्त चाप ओढायचा. त्याचा प्रतिस्पर्धी पेडरसन याचीही रायफल सुरेख होती, परंतु तिला पुंगळी सहज सुटावी म्हणून काडतुसांवर मेणाचा पातळ थर द्यावा लागे. चरबी लावलेल्या काडतुसांची कटकट अमेरिकन सैन्याला नको होती. इतिहासाला मात्र तो विषय चांगला परिचयाचा होता! गॅरँडची रायफल १९३६ साली सैन्यात आली. काडतूस लहान करण्याची कल्पना १९३२ सालीच जनरल मॅकार्थरने मोडीत काढली होती, म्हणून ती जुन्याच तीस-शून्य-सहा काडतुसाची झाली. आपल्या सैन्याने १९७१ चे युद्ध ज्या इशापूरच्या ७.६२ मिलिमीटर रायफलीने लढले, तीही याच स्वयंभरणाच्या कुळातली.

आता हातातला फरक पाहा. हाताने भरायच्या रायफलीत माणूस असतो. काडतूस घट्ट लागले तर त्याला कळते. तो जोर लावतो, नाही तर थांबतो. पुंगळी काढताना तो घाई करीत नाही, तोवर ती थंड होते, आकसते. स्वयंभरणाच्या रायफलीत माणूस नाही. तेथे वायूचा धक्का आणि स्प्रिंगेचा जोर. काढताना यंत्र पुंगळीला ताणून आकसण्यास पुरता अवसर देत नाही. घालताना अंदाज घेत नाही. एकाच पायाची झालेली चप्पल या यंत्राला चालत नाही. त्याला प्रत्येक वेळी दुकानातल्यासारखी सैल चप्पल हवी.

त्यात धोकाही आहे. गॅरँडच्या बोल्टमधील फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट धाडकन मिटला की ती पुढे सरकून टोपीला हलकेच टिचकी मारते. कोठीत घातलेले काडतूस न उडविता परत काढले तर टोपीवर त्या टिचकीचा बारीक ठिपका दिसतो. आता पुंगळीचा खांदा पुरेसा मागे बसलेला नसेल तर बोल्ट पूर्ण फिरून अडकण्यापूर्वीच थबकतो. नेमक्या त्या वेळी टोपी वर राहिलेली असेल किंवा अतिहळवी असेल आणि ठिणगी पडली, तर दार उघडे असतानाच बार होतो. तो कोणत्या दिशेने होतो हे सांगावयास नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली आणि डोंगराएवढ्या रिकाम्या पुंगळ्या अमेरिकेतील नागरिकांच्या हाती आल्या. त्यांतील कित्येक यंत्रतोफांतून उडालेल्या. यंत्रतोफेची कोठी मुद्दामच ऐसपैस ठेवलेली असते, त्यामुळे पुंगळी जास्त फुगते. जुन्या अडकित्त्याने मान आवळून भागेना. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली असल्या साधनांचा धंदा सुरू केला होता. त्याच्यासारख्यांची मजबूत दांड्याची यंत्रे घरोघर आली आणि पुंगळी नखशिखांत मापात आणण्याची रीत रुजली.

परंतु पुंगळी मापात असून भागत नाही, कोठीही नीट हवी. याचा दाखला व्हिएतनामने दिला. १९६६-६७ साली तेथे एम-१६ ही नवी हलकी रायफल सैनिकांच्या हाती गेली, आणि पुंगळ्या कोठीत अडकू लागल्या. काडतुसे नवीकोरी, कारखान्यातली. पण दारूचा प्रकार मध्येच बदललेला, कोठीला क्रोमचा मुलामा दिलेला नाही, दमट हवेत तिला गंजाचे बारीक खड्डे पडलेले, आणि वर 'ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही' अशी समजूत करून दिल्यामुळे साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिलेले नाही. फुगलेले पितळ त्या खड्ड्यांना धरून बसे. नळीत वरून सळई घालून पुंगळी ठोकत असतानाच मारले गेलेले सैनिक सापडल्याचे त्यांच्या सोबत्यांनी सांगितले. मुलांची पत्रे घरी आली, आईबापांनी ती आपल्या प्रतिनिधींकडे नेली, आणि १९६७ साली इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन संसदेच्या उपसमितीने चौकशी करून कडक शब्दांत दोष दिला. नंतर कोठीला क्रोम आला, साहित्य आले. लिटल बिगहॉर्नपासून नव्वद वर्षे लोटली होती, आणि शिपाई पुन्हा पुंगळीच उकरीत होता. कस्टरच्या बाबतीत मी पुंगळीला बरेचसे निर्दोष सोडले. येथे तिला नव्हे, पण तिच्या कारभाऱ्यांना सोडवत नाही.

आता त्या हौशी माणसाच्या टेबलाजवळ येऊ. बार झालेली पुंगळी तो आधी पुसतो आणि तिला बोटाने किंचित स्निग्धता लावतो. बहुधा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले तेल. १८५७ सालापासून काडतूस आणि चरबी यांचे नाते सुटलेले नाही. फक्त आता ती दाताला लागत नाही. पुंगळीच्या नेमक्या आकाराचा पोलादी साचा, ज्याला 'डाय' म्हणतात, तो यंत्रात वर बसविलेला असतो. दांडा खाली ओढला की पुंगळी त्यात शिरते. चकलीच्या सोऱ्यात पीठ दाबले जाते तशी ती बाजूंनी आवळली जाते, खांदा मागे ढकलला जातो आणि मधल्या खिळ्याने जुनी टोपी खाली पडते. तेल लावण्याचा कंटाळा केला तर पुंगळी डायमध्येच अडकते. मग बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्टाने ओढून काढणे आले. एकात एक अडकलेले पेले येथेही आहेतच.

खरी मेख आहे ती खांदा किती मागे ढकलायचा यात. कमी ढकलला तर बोल्ट मिटत नाही. त्यातला धोका वर सांगितला. म्हणून पुष्कळ जण डाय तळापर्यंत फिरवून 'होऊ दे पुरता बारीक' म्हणून मोकळे होतात. ही चूकही तितकीच मोठी. खांदा फार मागे गेला की कोठीत पुंगळीला पुढे-मागे हलायला जागा राहते. बार होताना तिचे तोंडाकडचे अंग भिंतीला चिकटते आणि बूड मात्र मागे सरकून बोल्टला टेकते. म्हणजे मधले धड ताणले जाते. एकदा चालते, दोनदा चालते. दर वेळी बुडाच्या जरा वर, आतल्या बाजूने पितळ पातळ होत जाते आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात.

स्वयंभरणाच्या रायफलीसाठी जाणते लोक खांदा एका इंचाच्या तीन-चार हजारांश भागाने मागे ढकलतात. म्हणजे साधारण आपल्या डोक्याच्या एका केसाएवढा! हे डोळ्याला दिसणे नाही. त्यासाठी एक पोलादी नळीसारखे मापक मिळते. तीत पुंगळी सोडायची, आणि तिचे बूड मापकाच्या दोन पायऱ्यांमध्ये बसले तर ठीक. कोठीतून ओढताना पुंगळी कधी कधी लांबलेली असते, त्यामुळे नुसत्या उडालेल्या पुंगळीवरून माप काढण्यापेक्षा हे मापक जास्त विश्वासाचे. मानही तपासावी लागते, कारण दाबाने पितळ पुढे वाहते आणि मान लांबते. तीस-शून्य-सहाची पुंगळी २.४९४ इंचांहून लांब झाली की कापायची, नाही तर कोठीच्या टोकाशी मान गोळीवर आवळली जाऊन दाब भलताच चढतो. आणि मानेची पकडही घट्ट हवी. स्प्रिंगेच्या धडाक्यात काडतूस आत जाताना गोळी पुंगळीत मागे सरकता कामा नये.

एवढे करूनही गॅरँडसारख्या रायफलीत पुंगळी चार-पाच वेळांहून जास्त वापरण्याचे धाडस सावध माणूस करीत नाही. हाताने भरायच्या रायफलीत हीच पुंगळी याच्या कितीतरी पट जगली असती. तिचे भरत आले की नाही हे ओळखण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. कागद अडकवायची एक साधी टाचणीची तार घ्यायची, सरळ करायची, तिचे टोक काटकोनात वाकवून जरा धारदार करायचे. ते पुंगळीच्या तोंडातून आत घालायचे, बुडापर्यंत न्यायचे आणि भिंतीला घासत हळूहळू वर ओढायचे. बुडापासून पाव-अर्ध्या इंचावर तार खाचेत अडखळली, तर त्या पुंगळीचे तोंड पकडीने चेपतात, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही, आणि ती मोडीच्या डब्यात टाकतात.